बाणाचा दगड

४ जानेवारी

ठोंब्या,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर मला ओरडायला येतं आणि तुला गप्प बसायला. त्यातून काही निष्पन्न होत नाही. कागदाला तरी उत्तर द्यावं लागेल.

तुझ्या टेकडीपायी माझी नोकरी जायची वेळ आली आहे. पायथ्याशी, रस्त्याच्या पलीकडे जी अकरा मजली इमारत उभी राहते आहे, तिच्या परवान्यावर माझी सही आहे. दोन वर्षांपूर्वीची. नियम तुला माहीत नसेल म्हणून सांगते. टेकडीवरच्या बागेत जो बाण कोरलेला दगड आहे ना, लहानपणी आपण ज्यावर आळीपाळीने उभे राहायचो, त्यावर उभं राहिलं की नदी या पुलापासून त्या पुलापर्यंत अखंड दिसली पाहिजे. मध्ये कुणी काही बांधायचं नाही. साठ वर्षांपूर्वीचा नियम आहे आणि अजून लागू आहे. आम्ही त्या दगडावर यंत्र ठेवलं, मोजलं, इमारत बाजूला राहत होती. मी सही केली.

आता नऊ मजले चढले आणि लोक बोंबलायला लागले की नदी गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. खरोखरच गेलेली दिसते आहे. साहेबांनी सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडून मला घरी बसवलं आहे. कुणाकडून काय घेतलं, असंही विचारून झालं. एकवीस वर्षं मी त्या खुर्चीत बसले, कुणाचा चहासुद्धा प्याले नाही, आणि हे ऐकायचं! अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे.

माझं मोजमाप चुकलेलं नाही. मी कागद दहादा तपासले. तेव्हा एक कर. तू तिथला मुख्य माळी आहेस, रोज त्याच्यावरून जातोस. दगड जागेवर आहे ना ते बघ आणि वरच्या मोठ्या बाकाच्या पायापासून तो किती अंतरावर आहे ते टेपने मोजून कळव. दोन ओळींचं काम आहे. ऑफिसातल्या नकाशावर टेकडीचा नुसता एक ठिपका आहे, त्यातून काही कळत नाही.

तुझ्या बायकोची खुशाली विचारत नाही. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या बाथरूमची फरशी ओली ठेवून जी निवांत बसते, तिचं सगळं बरंच चाललेलं असणार. बाबा अकरा दिवस कण्हत गेले ते मी विसरलेले नाही.

अक्का


९ जानेवारी

अक्कास,

तुझं पत्र पोचलं. नोकरीचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं.

दगड आहे. चांगला धडधाकट आहे. गेल्या वर्षी त्याला पांढरा रंगही दिला, बाण काळ्या रंगाने भरून घेतला. पोरं अजून त्यावर उभी राहतात. त्याची काळजी करू नकोस.

लोक बोंबलतात म्हणतेस, ते तू ऑफिसात ऐकतेस. मी इथे रोज सकाळी साडेसहाला ऐकतो. फिरायला येणारे एकशे बारा पायऱ्या चढून येतात, दम खातात, मान वर करतात आणि पहिली शिवी मला देतात. जणू मीच ती इमारत पेरली आणि पाणी घालून वाढवली. एका बाईंनी तर विचारलं, 'तुम्ही इथे चोवीस तास असता, तुम्हाला दिसलं नाही?' मी म्हटलं, बाई, मी खाली बघून काम करणारा माणूस आहे. झेंडूची शेवटची रांग काढून टाकली आहे, कुंपणाची मेंदी छाटायची आहे, हाताखाली दोनच माणसं. आभाळात काय उगवतं ते बघायला महापालिकेने दुसरी माणसं ठेवली आहेत. तुझ्यासारखी.

आता एक मी विचारतो. मोजणीच्या दिवशी तू आली होतीस ना? कारण मी दिवसभर वरच होतो. तुमचे ते म्हातारे मोजणीदार आले होते, छत्री घेऊन. त्यांना मीच पाणी दिलं. तू काही दिसली नाहीस.

आणि माझ्या बायकोबद्दल जे लिहिलंस ते पुन्हा लिहू नकोस. पत्र तिच्याच हातात पडलं. पाकीट माझ्या नावाचं होतं म्हणून तिने उघडलं नाही, पण मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मला पत्र खिशात घालावं लागलं.

तुझा भाऊ


१२ जानेवारी

ठोंब्या,

मी टेपने मोजून कळव म्हटलं होतं. तू मला झेंडू आणि मेंदी सांगतोस. आकडा कुठे आहे?

आणि वर मलाच उलटतपासणी! घे मग, ऐक. नाही आले मी. परवान्याच्या कागदावर 'स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली' असं छापलेलं असतं आणि त्याखाली मी सही केली, पण मी आले नव्हते. मोजणीदारांना पाठवलं. त्यांचा हात तीस वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा चोख मोजतात. बाकी प्रत्येक ठिकाणी मी जाते, पावसापाण्याची जाते, अर्धवट जिने चढते. त्या एका ठिकाणी गेले नाही, कारण त्या पायऱ्या तुझ्या क्वार्टरच्या दारावरून वर जातात आणि दारात तुझी बायको उभी असते. तिचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती. अजून नाही.

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. आता हे हत्यार तुझ्या हातात आहे, हवं तर वापर.

पण यामुळे मोजमाप चुकीचं ठरत नाही. दगड जिथे आहे तिथून मोजलंय. मग वर्तमानपत्रातला फोटो असा कसा आला, याचा मला विचार करून करून ताप यायची वेळ आली आहे. तू मोजणार नसशील तर येत्या रविवारी मीच येते. बायकोला सांग आतच राहा म्हणून.

अक्का


१५ जानेवारी

अक्कास,

रविवारी येऊ नकोस. बाग बंद आहे. झाडांना कीड लागली आहे, फवारणी चालू आहे, आठ-दहा दिवस कुणालाच वर सोडत नाही. औषध जहाल असतं, तुला आधीच दम्याचा त्रास. चौकशी होऊन जाऊ दे, मग निवांत ये. तुझे कागद बरोबर आहेत म्हणतेस तर घाबरतेस कशाला?

भाऊ


१७ जानेवारी

काल वर आले होते.

दुपारी तीनला आले. त्या वेळी तू गोदामात असतोस हे मला माहीत आहे, बाबा असतानाही तीनला तू तिथेच सापडायचास. फाटक सताड उघडं. फवारणी सोड, साधा नळसुद्धा चालू नव्हता. तुला खोटंही धड बोलता येत नाही रे. लहानपणीही येत नव्हतं, आणि बाबा म्हणायचे की हा एकच गुण आहे याच्यात.

तुझी बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी पदर डोक्यावरून घेतला आणि भिंतीकडून निघून गेले. तिने ओळखलं असेल तर ओळखू दे.

वर गेले तर तीच ती बाग. एका दमात फेरी मारून होते एवढीशी. गोल रस्ता, सहा बाकं, पंपाची खोली, मधे तुझे वाफे. आणि चहूकडे शहर. रेल्वेच्या शेडचं गोल छप्पर, गिरणीची चिमणी, बँकेची काचेची इमारत, शाळेच्या छतावरचे निळे पत्रे, आमच्या ऑफिसची पाण्याची टाकीसुद्धा दिसते. एकवीस वर्षं मी हे सगळं कागदावर बघते आहे, रेघांमध्ये. चार वर्षांत मी तिथे उभी राहिले नव्हते. बघून बरं वाटलं आणि बरं वाटलं याचाच राग आला.

मोठ्या बाकावर एक पेन्शनर बसले होते. मला म्हणाले, 'बाई, इथून नदी दिसायची. कुणीतरी खुर्चीत बसल्या बसल्या सही ठोकली.' मी हो म्हटलं. त्यांच्याशेजारी बसले. समोर नऊ मजल्यांचा सांगाडा, बरोब्बर मधोमध. उजवीकडून पुलाचा एक तुकडा, डावीकडून दुसऱ्या पुलाचा एक तुकडा. नदी नाहीच.

मग खाली बघितलं. बाकापासून हातभर अंतरावर, जिथे आपण उभे राहायचो, तिथे सिमेंटचं एक ठिगळ आहे. स्टुलाएवढं. बाकीच्या फरशीहून रंग वेगळा.

दगड सापडला. पार पलीकडे, पंपाच्या खोलीजवळ, मेंदीच्या कुंपणात. पांढराशुभ्र रंगवलेला, अगदी तू म्हणालास तसा. बाण पंपाच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून. मी त्यावर उभी राहिले. तिथून नदी दिसते, ठोंब्या. या पुलापासून त्या पुलापर्यंत, अखंड. इमारत बाजूला राहते, आमच्या कागदावर आहे तशीच्या तशी. मोजणीदार चोख होते. मग मी पावलं मोजत परत बाकापर्यंत आले. अठ्ठावीस. त्या अठ्ठावीस पावलांत नऊ मजले समोर येऊन उभे राहतात.

पन्नाशीची बाई मी, त्या पेन्शनरांसमोर मोठ्याने ओरडले. ते बिचारे उठून गेले.

मी एकदा, फक्त एकदा, त्या पायऱ्या चढले असते तर पहिल्या नजरेत कळलं असतं. त्या दगडावरून तुला ढकलत मी मोठी झाले आहे. मोजणीदारांना काय कळणार, त्यांनी दगड बघितला, बाण बघितला, यंत्र लावलं. हे माझं चुकलं आणि ते मी गिळते. पण दगड चालत गेला नाही. साठ वर्षं जागचा हलला नाही तो तुझ्या राज्यात का हलला? कुणाच्या सांगण्यावरून? इमारतवाल्यांनी तुला गाठलं होतं का? असेल तर आत्ताच सांग. माझ्यावर जो आळ आहे तो तुझ्यामुळे आहे असं मला दुसऱ्याकडून कळू नये.

अठ्ठावीस तारखेला मी हे सगळं लेखी देणार आहे. त्याआधी तू दिलंस तर बरं. नाही दिलंस तर माझ्या कागदावर तुझं नाव असेल.

सही करायचीसुद्धा इच्छा नाही.


२१ जानेवारी

अक्का,

इमारतवाल्यांनी! एवढंच ओळखलंस मला?

चार दिवस हे पत्र लिहितो आहे. तीन वर्षं लिहितो आहे म्हण.

बाबा बाथरूममध्ये पडले नाहीत. टेकडीवर पडले. मी नेलं होतं.

तू हुकूम पाठवायचीस ना चिठ्ठ्यांवर? बाहेर काढायचं नाही, पायऱ्या नाहीत, वारा लागू द्यायचा नाही. दर शनिवारी यायचीस, तासभर बसायचीस, औषधाच्या बाटल्या मोजायचीस आणि जायचीस. बाकीचे सहा दिवस आणि तेवीस तास ते माझ्याकडे बघत असायचे. एकतीस वर्षं त्यांनी नदीची पट्टी वाचली, रोज सकाळी पाणी किती ते वहीत लिहिलं. त्यांना दुसरं काही नको होतं. 'पाणी किती आहे रे?' रोज विचारायचे. मी आपला काहीतरी आकडा सांगायचो. त्यांना कळायचं मी थापा मारतोय, कारण लागोपाठ दोन दिवसांचे माझे आकडे जुळायचे नाहीत.

त्या दिवशी मी त्यांना कुंड्या वाहायच्या हातगाडीत बसवलं, खाली पोतं आणि पाठीला उशी दिली, आणि मागच्या उताराच्या रस्त्याने वर नेलं. किती खूश होते! वाटेत भेटेल त्याला सांगत होते की साहेब पाहणीला निघालेत. वर पोचलो. मी म्हटलं गाडीतूनच बघा. ते म्हणाले, दगडावर उभा राहतो, तिथून दोन्ही पूल दिसतात. उतरले. मी गाडी घसरू नये म्हणून चाकाला वीट लावायला वाकलो. तेवढ्यात त्यांनी एक पाय दगडावर ठेवला असणार. तो दगड वीतभर उंच, कडा झिजून गुळगुळीत. मी वळलो तेव्हा ते खाली होते.

ओरडले नाहीत. पडल्या पडल्या म्हणाले, 'पाणी उतरलंय. खांब उघडे पडलेत.'

दवाखान्यात विचारलं कुठे पडले. माझ्या तोंडून निघून गेलं, बाथरूममध्ये. तुझा धाक होता, अक्का. चाळिशीचा माणूस मी, पण तू दारातून आत येताना दिसलीस आणि माझी जीभच फिरली. ही शेजारी उभी होती. ती म्हणाली, असू दे, मी घेते माझ्यावर. तिने आपणहून घेतलं. मी मूग गिळून बसलो. पुढे तू घरभर माणसं जमलेली असताना तिला म्हणालीस, 'एक फरशी पुसायला काय हात झिजले असते?' तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. मग रोज वाटायचं उद्या बोलू, आणि उद्या कालच्यापेक्षा जड व्हायचा.

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पहार घेऊन वर गेलो. मला तो दगड बघवत नव्हता. उपटला. दरीत ढकलून देणार होतो. पण त्याच्या बुडाशी महापालिकेचा क्रमांक टाकलेला निघाला आणि मी थांबलो. सरकारी वस्तू, उद्या नोंदवहीत कमी भरली तर? काय माणूस आहे मी बघ. बाप मारणाऱ्या दगडालाही मी क्रमांकाप्रमाणे जपून पलीकडे नेऊन पुरला. तुमचं ऑफिस त्यावरून काही मोजतं हे मला कुठे ठाऊक? मला वाटायचं पोरांना उभं राहायला ठेवलाय.

आता तू म्हणतेस लेखी दे. दिलं तर माझी इथली जागा जाते, क्वार्टर जातं, पोरीची शाळा बदलते. आणि बाबांना मी पाडलं हे शिक्क्यासकट कागदावर येतं. नाही दिलं तर तू जातेस. तुला मारायचं असेल तितकं मार मला, पण लवकर ठरव असं म्हणू नकोस. मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझा ठोंब्या


३० जानेवारी

ठोंब्या,

तुझा जबाब पोचला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. दगड कधी काढला, कशाने काढला, कुठे पुरला. बाबांचं एकाच ओळीत लिहिलंस, 'वडील त्या दगडाला अडखळून पडले म्हणून.'

आणि शेवटी काय लिहिलंस रे गाढवा? 'मोजणीच्या दिवशी माझी मोठी बहीण स्वतः हजर होती, मी तिला पाहिलं.'

मला एका वाक्यात सोडवलंस. सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला काय लागतं? तू तीन वर्षं बसलासच की. मी अर्धा मिनिट बसलेही. खोटं बोलणार नाही, त्या अर्ध्या मिनिटात मला फार हलकं वाटलं.

मग उठले आणि म्हटलं, हे खरं नाही, मी गेले नव्हते, माझी सही खोटी आहे. का गेले नाही, तेही सांगितलं. भावजयीचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. एवढी मोठी माणसं, सुटाबुटातली, आणि मी त्यांना आपल्या घरातली धुणी धूत होते. एक जण हसला. हसू दे.

नोकरी राहिली. बढती गेली, खुर्ची गेली, जुन्या नकाशांच्या खोलीत बसायचं. इमारतीचं काय करायचं ते वकील भांडून ठरवतील. तुझ्या बदलीचं आज ऐकलं. शहराबाहेरची रोपवाटिका, आणि क्वार्टर महिन्याभरात रिकामं करायचं. मी शब्द टाकायला गेले होते. मला दारातूनच परत पाठवलं.

तुझ्यावर मी किती चिडले आहे हे सांगायला मला शब्द नाहीत, आणि तुला माहीत आहे की मला शब्द कमी पडत नाहीत. नेलंस म्हणून नाही. नेलंस ते बरं केलंस, मला ते कधी सुचलं नसतं. पण तीन वर्षं मी त्या बाईबद्दल तोंडाला येईल ते बोलले आणि तू जेवत राहिलास. मला थांबवलं असतंस तर एवढं पाप झालं नसतं. माझा तोफखाना सुरू झाला की तू लपतोस, लहानपणापासून लपतोस. पण लपताना बायकोला पुढे उभं केलंस.

सोबत तिच्यासाठी चिठ्ठी आहे. तुम्ही तिघं माझ्याकडे राहायला या, दोन खोल्या रिकाम्या आहेत, असं त्यात लिहिलं आहे. झाल्या गैरसमजाबद्दल माफीही मागितली आहे. तिला दे. उघडू नकोस.

अक्का


६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमची चिठ्ठी मिळाली. उत्तर देणार नव्हते. पण तुम्ही दोघं भावंडं एकमेकांना लिहून लिहून मोकळी झालात, मग मीच का कोंडून घ्यायचं?

तुमच्या भावाने मला स्वतःच्या पत्रांचे कच्चे खर्डे आणि तुमची सगळी पत्रं वाचायला दिली. मी मागितली, तेव्हा दिली. त्यात त्यांनी लिहिलंय की मी आपणहून माझ्यावर घेतलं. हे खोटं आहे. मी तसं काही म्हटलं नव्हतं. दवाखान्यात ते बोलून गेले आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. रात्री घरी आल्यावर हात जोडून म्हणाले, अक्का जरा शांत होईपर्यंत राहू दे. मी म्हटलं, उद्यापर्यंत. एका दिवसासाठी हो म्हटलं होतं मी. तीन वर्षं त्यांनी परस्पर वाढवली.

बाबांना अंघोळ मी घालायची, तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही बाटल्या मोजायचात. अंघोळीआधी मी फरशी फडक्याने पुसायची, मग सुक्या कपड्याने पुसायची, मग तिथे गोणपाट अंथरायची, मग त्यांना आत न्यायची. दोन वर्षं, रोज. ते मला म्हणायचे, 'अगं, एवढी पुसलीस तर फरशीला तहान लागेल.' त्या माणसाला मी पाडलं असं तुम्ही भरल्या घरात म्हणालात आणि त्यांचा मुलगा शेजारी उभा राहून पाण्याचे ग्लास भरत होता.

तुम्हाला एकच दिवस आठवतो. माझे पुढचे ऐका. तुमच्या मावशी घरी आल्या तेव्हा चप्पल काढून आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी फरशीकडे बघितलं. तुमच्या चुलतभावाच्या लग्नात मी म्हाताऱ्या आत्यांना जिन्यावरून उतरवायला हात पुढे केला, तर त्यांच्या सुनेने मधे येऊन माझा हात बाजूला केला. हसत केला. माझ्या स्वतःच्या आईने मला विचारलं, 'खरं सांग, घाईत होतीस का त्या दिवशी?' आईला मी खरं सांगू शकले नाही, कारण तुमच्या भावाला वचन दिलं होतं.

तो जबाब त्यांच्याकडून मी लिहून घेतला. ते सव्वीस तारखेपर्यंत नुसते पेन घेऊन बसत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, लिहा, नाहीतर मी लिहिते. तुमच्यासाठी नाही केलं, वन्सं. तुमची नोकरी राहावी म्हणून मी एक ओळ लिहिली नसती. मला कुठेतरी, कुठल्या तरी कागदावर, ते कुठे पडले हे लिहिलेलं हवं होतं. तुम्ही हजर होतात ही ओळ त्यांनी मी झोपल्यावर घातली. तुम्ही उठून खरं बोललात हे कळलं तेव्हा पहिल्यांदा तुमच्याबद्दल बरं वाटलं. थोडंसंच वाटलं. फार समजू नका.

आम्ही तुमच्याकडे राहायला येणार नाही. रोपवाटिकेजवळ एक खोली बघितली आहे. सामान बांधते आहे. पोरीची शाळा मी बघून घेईन. तुमच्या भावाशी मी सध्या कामापुरतं बोलते. त्यांची पाळी तुमच्यानंतर.

तुम्ही चिठ्ठीत गैरसमज लिहिलाय. तो शब्द मला चालणार नाही. गैरसमज दोघांचा होतो. मला सगळं माहीत होतं. तुम्ही न विचारता ठरवलंत आणि घरोघर सांगितलंत. मला माफीची चिठ्ठी बंद पाकिटात आली आणि माझी बदनामी मात्र उघड्यावर झाली, हे कसं चालेल?

तेव्हा माझं म्हणणं ऐका. तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांची नावं मला पाठ आहेत. अकरा घरं आहेत. प्रत्येक घरी पत्र लिहा, स्वतःच्या हाताने, वेगवेगळं. नियम आणि नदी आणि दगड यातलं काही घालू नका, लोकांना तेवढंच लक्षात राहील. बाबा टेकडीवर पडले, त्यांना त्यांच्या मुलाने नेलं होतं आणि सून घरी होती, एवढंच लिहा. खाली तुमची सही करा. या वेळी जागेवर जाऊन पाहणी केलेली असेल.

सगळी गेली की मला कळवा. त्यानंतर तुम्ही माझ्या दारात आलात तर मी दार उघडेन. पाणी देईन की नाही ते तेव्हा बघू.

सुरुवात मोठ्या मामींपासून करा. मी बाबांना मारलं हे तुमच्याकडून ऐकून त्यांनी दोन दिवसांत बाकीच्या दहाही घरी पोचवलं होतं. मी मारलं नाही, हे पोचवायला त्यांना किती दिवस लागतात ते मला बघायचं आहे.

तुमची भावजय